बोक्काच्चोचा घाट : साथ ओसरल्यावर आधी काय सांगायचं?

सायंतारा (धागाकर्ती)

बाबा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. तेव्हापासून घरात त्याबद्दल सलग पाच मिनिटं कुणी बोललेलं नाही. मला त्रास होईल म्हणून आई बोलत नाही, तिला होईल म्हणून मी. भाऊ कॅनडात, त्याला तेव्हा येताच आलं नाही, त्यामुळे त्याच्यापुढे तर विषय काढायचाच नाही असं ठरल्यासारखं. वर्षश्राद्ध झालं, फोटोचा हार दर दिवाळीला बदलतो. बास.

गेल्या पावसाळ्यात वाचनालयातून 'डेकामेरॉन' घरी आणलं (मॅकविल्यमचं इंग्रजी भाषांतर, जाडजूड). खोटं कशाला बोलू, चावट गोष्टींचं पुस्तक म्हणून आणलं. आहेतही चावट. पण पहिल्या गोष्टीपर्यंत पोचायला मला तीन आठवडे लागले, कारण प्रस्तावनेतच अडकले. हा धागा त्या अडकण्याबद्दल.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: जोव्हानी बोक्काच्चो, जन्म १३१३, फ्लोरेन्सकडचा. १३४८ मध्ये तिथे गाठीचा प्लेग आला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत त्याने हे पुस्तक लिहिलं. सात तरुणी आणि तीन तरुण शहराबाहेरच्या वाड्यात जाऊन राहतात, दहा दिवस रोज दहा गोष्टी सांगतात. झाल्या शंभर.

लॉकडाउनमध्ये या पुस्तकाबद्दल बरंच छापून येत होतं. सूर साधारण असा, की बघा, त्यांनीही गोष्टी सांगून वेळ काढला, आपणही काढू. मला आता वाटतं, हे पुस्तक साथीत वाचायचं नाहीच, साथ संपल्यावर वाचायचं आहे. त्यानेही ते नंतरच लिहिलंय.

पहिलंच वाक्य असं, की दुःखात असलेल्यांची कणव येणं हा माणसाचा धर्म. लगेच स्वतःचा दाखला देतो. तो प्रेमात पोळला होता, जीव जाईल अशी वेळ आली होती, आणि एका मित्राच्या गोड बोलण्यावर तगला. ते नसतं तर मी मेलोच असतो, म्हणतो. ते ऋण तो फेडतोय, आणि कुणाकडे? घरात कोंडलेल्या बायकांकडे. पुरुषाचं मन जड झालं तर तो शिकारीला जाईल, मासे धरेल, घोड्यावर बसेल, जुगार खेळेल, व्यापार बघेल. बाईने कुठं जायचं? खोलीत बसून तेच ते घोळवायचं. (पावणेसातशे वर्षांपूर्वीचा माणूस हं हा!)

पण यानंतर तो गोष्टी सुरू करत नाही. आधी वाचकांची माफी मागतो. ही सुरुवात जड जाईल, पण वाटसरूपुढे आधी खडा डोंगर यावा आणि पलीकडे रम्य मैदान लागावं तसं समजा, म्हणतो. मी मनात त्याला घाट म्हणायला लागले. आणि मग पानंच्या पानं प्लेग. जांघेत, काखेत सफरचंदाएवढ्या नाहीतर अंड्याएवढ्या गाठी, मग अंगभर काळे डाग. मेलेल्या एका गरिबाच्या चिंध्या रस्त्यात टाकलेल्या, दोन डुकरांनी त्या नाकाने उलथल्या, दातात धरून झटकल्या आणि थोड्या वेळात त्याच चिंध्यांवर मरून पडली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, असं बजावून सांगतो. भावाने भावाला टाकलं, बायकोने नवऱ्याला, आणि विश्वास बसू नये असं, आईबापांनी पोरांना.

हे सगळं मला वाचता आलं. अडकले ते पुढे. तो मध्येच थांबून प्लेगच्या *आधी* फ्लोरेन्समध्ये अंत्ययात्रा कशी असायची ते सांगतो. नात्यातल्या, शेजारच्या बायका मयताच्या घरात जमायच्या आणि घरच्या बायकांबरोबर रडायच्या. पुरुष दाराबाहेर. मग बरोबरीची माणसं खांदा द्यायची, मेणबत्त्या असायच्या, गाणं असायचं, आणि त्या माणसाने मरण्याआधी जे चर्च सांगितलं असेल तिथे त्याला न्यायचे. एवढं सगळं शांतपणे सांगून झाल्यावर मग म्हणतो, आता यातलं काही उरलं नाही. पैसे घेऊन मढी वाहणारे लोक आले, ते पाय उचलून भराभर चालायचे, जे चर्च जवळ असेल तिथे, जी कबर मोकळी दिसेल तिच्यात. माणसं मेली तर आज शेळी मेल्यावर जेवढं वाटतं तेवढंच वाटायचं.

मी पुस्तक मिटलं आणि गच्चीवर जाऊन बसले.

आमच्याकडे काय झालं, तर आम्ही गेटबाहेर. निळ्या किटमधली चार माणसं, नाव विचारून खात्री केली, टोकन नंबर सांगितला. हॉस्पिटलमधून एक पिशवी मिळाली. चष्मा, चार्जर आणि एक चप्पल. दुसरी कुठं गेली हे मी विचारलंसुद्धा नाही. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काय आहे असं वाटायचं. बोक्काच्चो वाचून पहिल्यांदा कळलं की जे *झालं* ते सांगायला जमत नसेल तर जे *व्हायला हवं होतं* तिथून सुरुवात करता येते. आजोबा गेले तेव्हा काय काय झालं होतं ते मला सगळं आठवतं. कुणी मडकं धरलं, कुणी चहा केला, शेजारच्या काकूंनी पिठलं-भात पाठवला. त्याच्याशेजारी बाबांचं ठेवलं की मग ते सांगता येतं.

चौथ्या दिवशी लिझाबेत्ताची गोष्ट आहे. मेस्सीना गाव, तीन व्यापारी भाऊ, त्यांच्या पेढीवरचा लोरेन्झो. बहिणीचं त्याच्यावर प्रेम. भाऊ त्याला गावाबाहेर नेऊन मारतात, पुरतात, आणि कामासाठी परगावी पाठवलाय असं सांगतात. तो तिच्या स्वप्नात येऊन जागा दाखवतो. ती जाते, उकरते. आख्खं शरीर तिला नेता येणार नसतं. मग ती सुरीने डोकं वेगळं करते, फडक्यात गुंडाळते, घरी आणून मोठ्या कुंडीत ठेवते आणि वर बेसिल लावते. आपल्या सब्ज्याचं झाड ते. त्याला पाणी म्हणून अत्तराचं पाणी नाहीतर स्वतःचे अश्रू. झाड असं फोफावतं की शेजारी बघत राहतात. शेवटी भाऊ कुंडीच उचलून नेतात आणि ती 'माझी कुंडी, माझी कुंडी' करत जाते.

पूर्वी वाचली असती तर मी हिला भुताटकीची गोष्ट म्हटलं असतं. आता वाटतं, प्लेगातून उठलेल्या शहरात ही गोष्ट ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचं कुणीतरी असं असणार, ज्याला आपलं माणूस नीट पुरायला मिळालं नाही.

तर माझं म्हणणं एवढंच: आपण घाट न चढताच मैदानात आलो. २०२२ मध्ये लग्नं जोरात, सहली जोरात, सगळं 'नॉर्मल'. तुम्हाला काय वाटतं? आणि तेव्हाच्या इटलीतलं कुणी आणखी काही वाचलं असेल तर लिहा.

---

फुलपात्र

वाचून हातातलं काम थांबलं. आमच्याकडेही पिशवीच आली होती. त्यात दुसऱ्याच कुणाचा तरी कंगवा होता. तो टाकवत नाही आणि ठेवून काय करायचं तेही कळत नाही. सध्या एवढंच.

---

बखरकार

उत्तम धागा. बोक्काच्चो एकटा नव्हता, त्याच्या आजूबाजूला बखरकारांची फौज होती. त्यांचंही ऐकू या.

फ्लोरेन्सचा मोठा इतिहासकार जोव्हानी व्हिल्लानी. प्लेगची हकिगत लिहिताना त्याने 'ही साथ अमुक तारखेपर्यंत चालली' असं वाक्य लिहिलं आणि तारखेची जागा मोकळी ठेवली. साथ संपली की भरू म्हणून. १३४८ मध्ये तो स्वतःच प्लेगने गेला, जागा तशीच राहिली. पुढे त्याचा भाऊ मात्तेओ लिहायला बसला. तोही १३६३ च्या साथीत गेला, मग मात्तेओच्या मुलाने थोडं पुढे नेलं. एकाच घराची दौत.

सिएनाचा आन्योलो दी तूरा एका ओळीत सांगतो: मी माझ्या हातांनी माझी पाच मुलं पुरली. आणि म्हणतो, कुणासाठी घंटा वाजली नाही, कुणी रडलं नाही, कारण जो तो आपल्याच मरणाची वाट बघत होता. सायंताराताई, तुमच्या अंत्ययात्रेच्या मुद्द्याला हा बळकट पुरावा. रडायला माणूस शिल्लक असावा लागतो आणि त्याला उसंत असावी लागते.

मार्किओन्ने स्तेफानी याने तीसेक वर्षांनी लिहिलं. खड्ड्यात प्रेतांचा एक थर, वर थोडी माती, पुन्हा थर, पुन्हा माती, जसं लझान्यावर चीज घालतात. ही उपमा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा चरकलो. मग वाटलं, स्वयंपाकघराची उपमा सुचते म्हणजे ते चित्र इतकी वर्षं रोजच्या जेवणात त्याच्यासमोर येत असणार. तोच सांगतो की लोक संध्याकाळी टोळक्याने जेवायला जमायचे. आज माझ्याकडे दहा जण, उद्या तुझ्याकडे. आणि उद्या दोन-तीन पानं रिकामी.

पण धाग्याच्या प्रश्नाला खरं उत्तर मात्तेओ व्हिल्लानीकडे आहे. लोकांना वाटलं होतं की वाचलेले आता नम्र होतील, पापाला भितील, एकमेकांना धरून राहतील. झालं उलटंच. खाणं, पिणं, जुगार, कपड्यांच्या तऱ्हा. माणसं कमी झाली म्हणजे सगळं मुबलक होईल असं वाटलेलं, तर वस्तूंचे भाव दुप्पट नाहीतर त्याहून जास्त. वारसाहक्काचे खटले इतके की विचारू नका. ओर्सानमिकेलेच्या धर्मादाय मंडळाला मरणाऱ्यांनी साडेतीन लाख फ्लोरिन (सोन्याची नाणी) ठेवले असा आकडा तो देतो, आणि वर सुनावतो की गरीबच एवढे मेले होते की दान घ्यायला कोण उरलं होतं, आणि पैसा सांभाळणाऱ्यांनी काय केलं ते विचारू नका.

तेव्हा 'साथीने माणूस शहाणा होतो' हे स्टेटस आपण मार्च २०२० मध्ये टाकत होतो, त्याला १३४८ मध्येच उत्तर मिळालेलं आहे.

---

तिरकस

सगळं ठीक आहे हो. पण त्या दहा जणांचा स्वयंपाक कोण करत होतं?

फार्महाऊसवर जाऊन अंताक्षरी खेळणाऱ्या श्रीमंत पोरांचं पुस्तक आहे हे. शहरात माणसं खड्ड्यात थरांनी जातायत आणि यांचं काय, तर हिरवळीवर गालिचे, कारंजी, थंडगार वाईन. आपल्याकडेही तेच झालं. काही लोक पाचगणीला बंगला घेऊन 'निसर्गाच्या सान्निध्यात' राहिले आणि काही लोक नाशिक हायवेने डोक्यावर बोचकं घेऊन चालत गेले. त्यांच्या गोष्टी कुणी लिहिल्या?

---

सायंतारा

@तिरकस, मुद्दा मान्य. नोकर सात आहेत, चार बायका आणि तीन पुरुष, बोक्काच्चोने सगळ्यांची नावं दिली आहेत आणि कामंही वाटून दिली आहेत. सहाव्या दिवशी गोष्टी सुरू होणार एवढ्यात स्वयंपाकघरात लिचिस्का आणि तिंदारो यांचं कडाक्याचं भांडण लागतं, आवाज थेट हिरवळीपर्यंत. लिचिस्काला बोलावतात तर ती थांबायलाच तयार नाही, बायका हसून हसून बेजार. पण तिला एक गोष्ट सांगायला मिळाली का? नाही. शंभरातली एकही नाही.

एक मात्र बघा. त्या सात जणींतली पांपिनेया पहिल्या दिवशी नोकरांना हुकूम सोडते, की बाहेर कुठेही जा, काहीही बघा, ऐका, आनंदाची असेल तेवढीच बातमी आत आणायची. मी आधी यावर चिडले होते. मग आठवलं की २०२१ मध्ये मी सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट केला होता. सकाळी उठलं की भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली. आता कुठल्या तोंडाने बोलू?

---

मीठभाकर

@बखरकार, तुमच्या त्या मात्तेओबद्दल थोडं. तो आणखी काय म्हणतो तेही सांगा ना. मोलकरणी, घोड्याचे मोतद्दार, ज्यांना काही काम येत नाही असे लोकसुद्धा वर्षाला किमान १२ फ्लोरिन मागतात, जास्त माजलेले १८ आणि २४ मागतात. साध्या बायका मेलेल्या खानदानी बायकांचे भारी कपडे घालून फिरतात.

म्हणजे त्याचं दुखणं हे, की बाईने पगार वाढवून मागितला! आमच्या सोसायटीच्या मीटिंगचा वृत्तांत वाचल्यासारखं वाटलं. २०२१ च्या दिवाळीनंतर आमच्या इथल्या कामवाल्या बायकांनी मिळून दर वाढवले, तेव्हा 'लोकांना माणुसकीच उरली नाही' हे वाक्य मी स्वतः ऐकलंय. बोलणाऱ्या काकूंनी लॉकडाउनच्या चार महिन्यांतला एकही पैसा दिला नव्हता.

साथीतून सावरणं म्हणजे कुणाचं सावरणं, हे विचारल्याशिवाय व्हिल्लानी वाचू नये. त्याला जी अधोगती दिसली ती त्या मोलकरणीला पहिल्यांदाच मिळालेली बरी कापडं होती.

---

बखरकार

@मीठभाकर, चपराक मान्य. बखरकार नेहमी पगार देणाऱ्यांच्या बाजूचा असतो, आमच्यासकट.

---

डॉ. काढा

वैद्यकीय बाजू लिहितो.

त्या काळच्या वैद्यकात मनाच्या अवस्था हा पथ्याचा भाग होता. हवा, अन्नपाणी, झोप, व्यायाम यांच्या जोडीला राग, भीती, दुःख, आनंद. फ्लोरेन्सचा नामवंत वैद्य तोम्माझो देल गार्बो याने प्लेगपासून कसं वाचावं यावर सल्ला लिहिला. त्यात मरणाचा विचार करत बसू नका, सुगंधी झाडांच्या बागेत जा, गाणी ऐका, गोड गोष्टी ऐका, चांगल्या संगतीत राहा, असं स्पष्ट आहे. म्हणजे ते दहा जण त्यांच्या दृष्टीने पळपुटे नव्हतेच, ते औषध घेत होते. प्लेगच्या जंतूवर त्याचा परिणाम शून्य, हे वेगळं सांगायला नको. पिसू गाणी ऐकत नाही.

पण मला त्या पुस्तकात औषधापेक्षा वेळापत्रक महत्त्वाचं वाटलं. बोक्काच्चोच्या वर्णनात शहरात काय मेलं, तर कायदा. अधिकारी मेले, आजारी पडले, जो तो मनाला येईल तसं वागतो. म्हणून पांपिनेया वाड्यावर पोचल्या पोचल्या म्हणते की ज्याला धरबंध नाही ते फार टिकत नाही, आपल्यात कुणीतरी मुख्य हवं. पण कायमचं नाही, एका दिवसापुरतं. रोज नवी राणी किंवा राजा, डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट. प्रत्येकाला अधिकाराचं ओझंही कळावं आणि मानही मिळावा. दुपारची झोप, मग सावलीत गोष्टी, रात्री जेवण, गाणं. शुक्रवारी गोष्टी बंद, प्रार्थना. शनिवारी बायका न्हाणार, केस धुणार, आठवड्याची धूळ काढणार, म्हणून शनिवारीही बंद. तिघा तरुणांतल्या दिओनेओला मात्र सूट, त्याने दिवसाचा विषय पाळला नाही तरी चालेल. अशी एक खिडकी उघडी ठेवणं हा मोठा शहाणपणा.

दुसऱ्या लाटेनंतर माझ्याकडे येणाऱ्यांत एक तक्रार फार होती: 'डॉक्टर, दिवस सापडत नाही.' त्यांना मी गोळ्या दिल्या, गरज होती तिथे मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. पण बऱ्याच जणांचा दिवस परत कुठून सुरू झाला ते सांगतो. एक आजी पहाटे दूध केंद्रावर जाऊन उभ्या राहायला लागल्या. घरी दूध येत होतं तरी. शनिवारी केस धुण्यासारखंच ते.

---

पोळीभाजी_बोलोन्या

मी इकडेच असते, म्हणून दोन जागा सांगते.

फ्लोरेन्सला रेल्वेने उतरलात की स्टेशनचं नावच सांता मारिया नोव्हेल्ला. समोर ते चर्च. एका मंगळवारी सकाळी जवळपास रिकाम्या चर्चमध्ये सात जणी भेटतात आणि पुस्तक सुरू होतं ते हेच. टुरिस्ट लोक ट्रॉली बॅगा घरंगळत त्याच्यावरून जातात.

दुसरी सिएना. तिथल्या कॅथीड्रलच्या शेजारी एक प्रचंड भिंत उभी आहे, मागे काहीच नाही. आरपार आभाळ. १३३९ मध्ये सिएनाकरांनी ठरवलं की आहे ते कॅथीड्रल आडवा भाग धरून त्याला नवीन भलंमोठं सभागृह जोडू. मग प्लेग आला. काम करणारे गेले, पैसा गेला, बांधकामातही दोष निघाले, आणि ते सोडून दिलं. पाडलंही नाही पुरतं. आज तिकीट काढून त्या भिंतीच्या माथ्यावर चढता येतं, अरुंद गोल जिना, वर वारा. खाली शहर दिसतं आणि न झालेल्या चर्चचा चौक दिसतो, तिथे गाड्या लावलेल्या असतात.

आमच्याकडे पुण्यात माझ्या काकांचं अर्धवट बंगल्याचं कॉलम उभं आहे, गंजलेल्या सळया वर आलेल्या. काका २०२० मध्ये गेले. काकू ते विकतही नाही आणि पुरंही करत नाही. सगळे तिला समजावतात. मी सिएनाला जाऊन आल्यापासून समजावणं बंद केलं.

---

वेताळ_२५

अवांतर, पण राहवत नाही. गोष्टीत गोष्ट, रोज एक गोष्ट, सांगणारा आणि ऐकणारा ठरलेला, हे आपल्याला वेताळ पंचविशी, सिंहासन बत्तिशीपासून अंगवळणी आहे. पण एक धागा खराच आपल्याकडून तिकडे गेलाय.

चौथ्या दिवसाच्या सुरुवातीला बोक्काच्चो स्वतः मध्ये तोंड घालतो. टीकाकार म्हणतात तू बायकांच्या फार नादी लागतोस. उत्तरादाखल एक अर्धी गोष्ट सांगतो. बायको मेल्यावर एक माणूस लहान मुलाला घेऊन डोंगरावर राहायला जातो. मुलाने जग बघितलेलंच नाही. अठरा वर्षांचा झाल्यावर बापाबरोबर फ्लोरेन्सला येतो, महाल बघतो, घोडे बघतो, मग लग्नाहून येणाऱ्या नटलेल्या पोरी बघतो. हे काय आहे? बाप घाईने सांगतो, त्या बदकिणी आहेत, वाईट असतात. मुलगा म्हणतो, बाबा, एक घेऊ या ना आपण, मी तिला दाणे घालीन.

ही गोष्ट युरोपात बार्लाम आणि जोसाफात यांच्या कथेतून आली, आणि ती कथा म्हणजे ख्रिस्ती वेशातलं बुद्धचरित्र. जोसाफात हे नाव 'बोधिसत्त्व' या शब्दाचंच अनेक भाषांतून घासून घासून झालेलं रूप. ज्या राजपुत्राला दुःख दिसू नये म्हणून बापाने कोंडलं, त्याची गोष्ट प्लेगनंतरच्या पुस्तकात बदकिणीची होऊन बसली!

---

माळावरची

माझी पणजी सांगायची (आजीने मला सांगितलेलं), प्लेगात मेलेले उंदीर दिसले की गाव सोडायचं. माळावर खोपटी घालायची, तिथेच महिनोन्‌महिने. दिवेलागणीला सगळ्या बायका एका खोपटासमोर जमून ओव्या म्हणायच्या. पुढे गावात परतल्यावर त्यातल्या दोन-तीन ओव्या जात्यावर कुणी म्हणत नसे. का, तर 'त्या तिकडच्या'. पणजीने त्या आजीला म्हणून दाखवल्या नाहीत आणि आजीला आल्या नाहीत. एवढंच माझ्याकडे आहे.

---

सायंतारा

@माळावरची, अंगावर काटा आला. लिझाबेत्ताची गोष्ट संपते तीही गाण्यावरच. 'कोण तो दुष्ट, ज्याने माझी कुंडी चोरली' अशा अर्थाचं लोकगीत. आणि पुढची गोष्ट सुरू करताना बोक्काच्चो सांगतो की ऐकणाऱ्या बायकांना ही गोष्ट फार आवडली, कारण ते गाणं त्यांनी पुष्कळदा ऐकलं होतं, पण ते *का* झालं हे विचारूनही कधी कळलं नव्हतं. तुमच्या पणजीकडे 'का' होतं आणि गाणं गेलं. उलटं झालं.

---

उंबरठा

सगळे मरणाचंच लिहिताहेत, म्हणून मी मैदानातली एक आणते. सहाव्या दिवशीची, पांपिनेया सांगते.

चिस्ती नावाचा भटारी, पाव भाजणारा. पैसा बराच, पण धंदा साधा. त्याच्या दारावरून रोज सकाळी जेरी स्पीना हा बडा माणूस पोपच्या दूतांना घेऊन जातो. उकाडा मरणाचा. चिस्तीला वाटतं यांना आपली पांढरी वाईन पाजावी, पण आपण भटारी, त्यांना आपण होऊन बोलावणं बरं दिसणार नाही. मग तो काय करतो, तर रोज त्यांच्या येण्याच्या वेळेला दाराशी बसतो. अंगात पांढराशुभ्र सदरा, वर धुतलेला ॲप्रन. नवी कोरी बादली गार पाण्याची, छोटी नवी सुरई, चांदीसारखे लखलखणारे दोन ग्लास. ते जवळ आले की एकदा-दोनदा खाकरून चूळ भरायची आणि इतक्या चवीने ती वाईन प्यायची की मेलेल्यालाही इच्छा व्हावी.

मेलेल्यालाही. फ्लोरेन्समध्ये, १३४८ नंतर, हा विनोद. मी वाचता वाचता थांबले होते इथे.

तिसऱ्या दिवशी जेरी विचारतोच, चिस्ती, कशी आहे रे? ओळख जमते. पुढे जेरी मेजवानीसाठी एक बाटली आणायला नोकर पाठवतो. नोकराला स्वतःलाही हवी असते, तो भलामोठा बुधला घेऊन जातो. चिस्ती बघतो आणि म्हणतो, पोरा, जेरीने तुला माझ्याकडे नाही पाठवलं. नोकर परत जातो, पुन्हा येतो. मग कुणाकडे पाठवलंय? चिस्ती म्हणतो, आर्नो नदीकडे. जेरीला निरोप मिळतो, तो बुधला बघतो, कळतं. नोकराची कानउघाडणी करतो, योग्य आकाराची बाटली पाठवतो, आणि चिस्ती ती आनंदाने भरतो. त्याच दिवशी तर आख्खं पिंपच त्याच्या घरी पोचवतो, म्हणतो, कंजूष आहे असं समजू नका, ही रोज नोकरांनी प्यायची वाईन नाही एवढंच सांगायचं होतं.

ही गोष्ट प्लेगच्या पन्नासेक वर्षं आधीच्या फ्लोरेन्समधली. म्हणजे बोक्काच्चोने गेलेल्या शहरातला एक माणूस त्याच्या ॲप्रनसकट परत आणलाय. तो ग्लास कसा चमकत होता इथपर्यंत. आमच्या गल्लीत इस्त्रीवाले काका होते, दुसऱ्या लाटेत गेले. ते शर्टाची कॉलर आधी बोटाने सरळ करायचे, मग पाणी शिंपडायचे, मग इस्त्री. त्यांच्याबद्दल मी एक पान लिहून ठेवलंय. इथे टाकीन कधीतरी.

---

तिरकस

टाका. वाट बघतो. (स्वयंपाकघराचा मुद्दा मी सोडलेला नाही.)

---

बखरकार

@उंबरठा, टाकाच. बोक्काच्चोचा मित्र, कवी पेत्रार्का, यानेही शेवटी तेच केलं. त्याच्या कवितांतली प्रेयसी लाउरा ६ एप्रिल १३४८ ला आविन्योंमध्ये गेली, त्याला पार्माला दीड महिन्याने पत्राने कळलं. त्याने काय केलं, तर लॅटिन कवी व्हर्जिलची जी प्रत तो रोज उघडायचा तिच्या कोऱ्या पानावर नोंद केली: पहिल्यांदा कुठे पाहिली, कधी गेली. इथे लिहितोय कारण हे पान वारंवार डोळ्यांसमोर येतं, म्हणतो. पुढे त्याच पानावर इतर मृत्यूंच्या नोंदी येत गेल्या, १३६१ च्या साथीत गेलेल्या स्वतःच्या मुलाचीसुद्धा. ती प्रत आज मिलानच्या आम्ब्रोसियाना ग्रंथालयात आहे. वेगळी वही नाही केली. रोजच्या वापरातल्या पुस्तकात लिहिलं.

---

फुलपात्र

कंगवा पोथीच्या कपाटात ठेवला आज. कुणाचा का असेना.

---

सायंतारा

सगळ्यांचे आभार. पुस्तकाचा शेवट कुणी विचारला नाही, पण सांगते. दोन आठवड्यांनी तिघा तरुणांतला पानफिलो म्हणतो, आता परत जाऊ या, फार सवय होऊन कंटाळा यायच्या आत. साथ संपलेली असते असं कुठेही लिहिलेलं नाही. दुसऱ्या सकाळी सगळे चालत शहरात येतात. मुलगे मुलींना सांता मारिया नोव्हेल्लात सोडतात, निरोप घेतात, आपल्या दुसऱ्या करमणुकींकडे वळतात. थोड्या वेळाने मुलीही आपापल्या घरी. त्या घरांत कोण जिवंत होतं, त्याने सांगितलेलं नाही.

रविवारी भावाला फोन केला. आधी आजोबांचं सांगितलं, मडकं कुणी धरलं होतं, पिठलं-भात कुणाकडून आला होता. त्यालाही आठवत होतं, एक-दोन गोष्टी त्यानेच भर घातल्या. मग बाबांचं. गेटपासून पिशवीपर्यंत. तो मध्ये एकदाही बोलला नाही. मला वाटलं फोन कट झाला.

मग त्याने विचारलं, चप्पल उजवी होती की डावी?

डावी, मी म्हणाले.